लिंक जॉइन करा, पेशंट घाटीला पाठवा

"सर्व अधिकारी व कर्मचारी यांनी ठीक तीन वाजता लिंकवर जॉइन व्हावे. उपस्थिती बंधनकारक. जॉइन झाल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा." सरकारी दवाखान्यात नोकरी केलेल्या कुणालाही हा मेसेज तोंडपाठ असतो. विषय कधी क्षयरोग, कधी सिकलसेल, कधी उष्माघात. आणि २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन जवळ आला की व्यसन. मग स्टोअरमधल्या टेबलावर कुणाचा तरी मोबाईल सलाईनच्या खोक्याला टेकवायचा, आवाज बंद करायचा आणि ज्याने त्याने आपापल्या कामाला लागायचं. तिकडे बेंगळुरूचे नाहीतर मुंबईचे डॉक्टर जीव तोडून शिकवत असतात. इकडे लेबर रूममध्ये बाई अडलेली असते. पाच वाजता प्रमाणपत्र येतं. त्यावरचं नाव बहुतेक वेळा बरोबर असतं.

मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांतून अधिपरिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले, आता कन्नडला राहते. अशा प्रमाणपत्रांची माझी फाईल जाडजूड आहे. त्या कागदांवर विश्वास ठेवला तर दारूच्या पेशंटवर उपचार करायला माझ्याइतकी लायक बाई तालुक्यात सापडायची नाही. पण पिणारा माणूस दारात आला की मी वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकलं : "आपल्याकडे सोय नाही, घाटीला पाठवा." घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, कन्नडपासून साठेक किलोमीटर. तिथल्या डॉक्टरांना विचारा, असे पाठवलेले किती पोचतात आणि किती जण वाटेतल्या पहिल्या दुकानापाशी उतरून जातात.

पडद्यावरून शिकवण्याला माझा विरोध आहे असं मात्र कुणी समजू नये. मानसोपचारतज्ज्ञ कन्नडला येऊन राहील ही आशा मी केव्हाच सोडली. राज्याची चार मोठी मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याने त्यांची नावं फक्त टोमण्यात वापरायची. तेव्हा तज्ज्ञ पडद्यावर भेटत असेल तर तो देवासारखा. आणि या रीतीची घडी ज्याने बसवली तो डॉक्टर आपल्या पुण्याच्या एएफएमसीत शिकलेला आहे. संजीव अरोरा, यकृताचे डॉक्टर, अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीत. हिपॅटायटिस सीच्या पेशंटांना त्यांची वेळ मिळायला आठ-आठ महिने लागायचे. २००३ मध्ये त्यांनी खेड्यांतले आणि तुरुंगांतले दवाखाने दर आठवड्याला व्हिडिओवर जोडायला सुरुवात केली. २०११ मध्ये निकाल छापून आले : विद्यापीठाच्या दवाखान्यात बरे झालेले ५७.५ टक्के, खेड्यापाड्यांत आणि तुरुंगांत ५८.२ टक्के. म्हणजे खेड्यातला डॉक्टर तज्ज्ञाच्या तोडीस तोड उतरला.

हे कशाने झालं, ते आमच्या साहेबांनी कधी वाचलं असेल असं वाटत नाही. तिथे व्याख्यान पंधरा-वीस मिनिटांचं, बाकी सगळा वेळ पेशंटचा. खेड्यातल्याने आपला पेशंट मांडायचा, अडलंय कुठे ते सांगायचं, तज्ज्ञाने आणि बाकीच्या खेड्यांतल्यांनी त्यावर बोलायचं. पुढच्या आठवड्यात त्याच पेशंटचं काय झालं ते पुन्हा सांगायचं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने हीच रीत व्यसनाच्या उपचारासाठी उचलली, छत्तीसगडच्या दुर्गम जिल्ह्यांतल्या समुपदेशकांना अशीच तयार केली आणि त्यावर निबंधही छापला. आपल्याकडे येईपर्यंत त्यातला पेशंट गळाला, 'पुढचा आठवडा' गळाला, आणि उरला कॅमेरा. तोही बंद ठेवायचा, कारण नेट पुरत नाही.

आता जे शिकवायला हवं ते सांगते. ते एका रात्रीचं आहे.

माणूस येतो पाय मोडून. औट्रम घाटात दुचाकी घसरली असेल, नाहीतर अद्रकच्या शेतात सरीत पाय मुरगळला असेल. प्लास्टर होतं, भरती होते. पहिल्या दिवशी गुणी बाळ. दुसऱ्या दिवशी हाताला कंप, अंगाला घाम, जेवण नको. रात्री झोप नाही. तिसऱ्या रात्री बायको धावत येते : "सिस्टर, हे बघा ना काय करायलेत. भितीवर मुंगळे चढायलेत म्हणतेत. कोणी तरी हाका मारायलंय म्हणतेत." नाडी एकशेवीसच्या वर, ताप, डोळे फिरलेले, सलाईन उपटून टाकलेलं. वॉर्डबॉय मामा दोरी आणतो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी सांगते की त्या वळणावर काही तरी आहे, तेच लागलंय. आणि नाईटला असलेली पोरगी, जिच्या फाईलमध्ये व्यसन उपचाराचं प्रमाणपत्र आहे, ती डॉक्टरला फोन लावते : "सर, पेशंट सायकिक झालाय. रेफर करू का?"

त्या माणसाला वेड लागलेलं नसतं, भूतही लागलेलं नसतं. रोजची दारू एकदम तुटली, त्याचा हा डिलिरियम आहे. शेवटच्या घोटानंतर साधारण ४८ ते ९६ तासांत तो येतो. फिट त्याआधी येते, पहिल्या दोन दिवसांतच. वेळेवर डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड दिलं, यकृत खराब असेल तर लोरॅझेपाम दिलं, पाणी-क्षार सांभाळले, तर शंभरातले पाचही दगावत नाहीत. नाही दिलं तर माणूस जातो आणि केसपेपरवर लिहिलं जातं 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. खरं तर ही रात्र अडवायची असते पहिल्याच दिवशी, भरतीच्या वेळी दोन प्रश्न विचारून : रोज घेता का, आणि शेवटची कधी घेतली. आमच्या केसपेपरवर धर्म आणि व्यवसाय विचारलेला असतो. शेवटची कधी घेतली, हे विचारलेलं मी क्वचितच पाहिलं.

दुसरी गोष्ट आणखी साधी. आमच्याकडे कशावरही सलाईन लावतात. पिणारा माणूस दिवसेंदिवस धड जेवलेला नसतो, त्याच्या अंगातलं बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. त्याला नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं थायमिन जळतं. डोळे तिरळे होतात, चाल जाते, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाते. बायकोला आई म्हणून हाक मारणारे मी पाहिलेत. ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिनचं इंजेक्शन द्यायचं, एवढंच. देशी दारूच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत सरकारने २०२५ मध्ये ८० रुपये ठरवली. थायमिनचं इंजेक्शन त्याहून स्वस्त पडतं. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, कपाटात किती आहेत. इंडेंटमध्ये शेवटचं कधी लिहिलं होतं, तेही विचारा.

आणि कपाटाचा विषय निघालाच आहे तर डायझेपामच्या जातीच्या गोळ्यांची गंमत सांगते. संभाजीनगरच्या गल्ल्यांत याच जातीच्या झोपेच्या गोळ्या 'बटन' नावाने विकल्या जातात, पोलीस दर थोड्या दिवसांनी पकडतात, पेपरात फोटो येतात. म्हणजे नशेसाठी पोरांना त्या मिळतात. दारू तुटलेल्या माणसाचा जीव वाचवायला त्याच कुळातलं औषध मागितलं की आमचे स्टोअरवाले घाबरतात : ऑडिट लागेल, रजिस्टर लागेल, कशाला भानगड. बरं, पडद्यावरच्या तज्ज्ञाने लिहून द्यावं म्हटलं तर २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी असली औषधं दुरून लिहिण्यावर बंधनं घातली आहेत. ती चुकीची आहेत असं मी म्हणणार नाही. पण मग हिशोब सरळ आहे. बेंगळुरूचा डॉक्टर कितीही मोठा असला तरी रात्री अडीचला सिरिंज भरणारा हात कन्नडचाच लागणार. त्या हाताला शिकवल्याशिवाय गत्यंतर नाही.

'आमच्याकडे सायकियाट्रिस्ट नाही' हे कारण तर कायद्यानेच काढून घेतलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि नशेमुळे होणारे मनाचे आजार धरलेले आहेत. त्याच कायद्याचं ९४ वं कलम सांगतं की तातडीच्या वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. ७२ तास! तिसऱ्या रात्रीपर्यंतचा वेळ मोजूनच दिलाय जणू. आणि ९५ वं कलम साखळीने बांधायला मनाई करतं, कोणत्याही प्रकारे. पण रेफरचा कागद लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि १०८ येऊन गेली की पेशंट आपला राहत नाही.

आता शिकवायचं कुणाला, हा प्रश्न. लिंक जाते ती वैद्यकीय अधिकाऱ्याला. तालुक्याच्या ठिकाणी तो बहुतेक बंधपत्रावर आलेला असतो. वर्षभराची सेवा, उशाला पीजीच्या परीक्षेचं पुस्तक. त्याचा राग नाही मला. पंचवीस वर्षांचं पोरगं ते, शंभरावर ओपीडी एकटं ओढतं. पण त्याला शिकवलेलं वर्षभरात त्याच्या बॅगेत बसून निघून जातं. राहतात कोण? सिस्टर राहतात, ब्रदर राहतात, मामा-मावशी राहतात, गावात आशाताई राहते. रात्री पेशंटपाशी तेच असतात. बंद दाराआड नवऱ्याची बाटली कुठे असते हे आशाताईला माहीत असतं. मामाला तर कोण किती घेतो हे पावलांवरून कळतं. त्यांना लिंक पाठवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि आली तर ती असते इंग्रजीत.

अभ्यासक्रमही पाहा. 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, आठवड्याला इतके ड्रिंक म्हणजे धोका, असा तक्ता दाखवतात. पिशोरच्या बाजारात कुणाला विचाराल, दादा, आठवड्याला स्टँडर्ड ड्रिंक किती? तिथे माप आहे नव्वदी, क्वार्टर, खंबा. हातभट्टीचं माप तर पिशवी. मग गणित मीच मांडते. महाराष्ट्रातली देशी ४२.८ टक्क्यांची. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅमवर अल्कोहोल, म्हणजे त्या तक्त्यातले सहा. जो माणूस म्हणतो "जास्त नाही सिस्टर, सांजेला फक्त एक क्वार्टर", तो आठवड्याला बेचाळीस घेतो. हे एक वाक्य भिंतीवर लावलं तर दोन तासांच्या स्लाइड वाचतील.

तारखाही आमच्या वेगळ्या. परदेशी पुस्तकात दारू तुटते ती तुरुंगात गेल्यावर नाहीतर ऑपरेशनसाठी. इथे दारू तुटते श्रावणात. गटारीला रिचवायची, दुसऱ्या दिवसापासून महिनाभर शिवायची नाही. बेताने घेणाऱ्याला काही होत नाही, जुना पिणारा श्रावणाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी थरथरत ओपीडीत येतो. माळ घातल्यावर तुटते. बायांनी बाटली आडवी केल्यावर तुटते. गावातल्या निम्म्याहून जास्त मतदार बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं, ही या राज्यातली मोठी गोष्ट आहे, आणि त्या बायांना माझा नमस्कार. पण दुकानाला कुलूप लागलं त्याच आठवड्यात जवळच्या दवाखान्यात चार खाटा आणि डबाभर गोळ्या तयार ठेवा, असा कागद कधी कुणी काढलाय? २०२० च्या लॉकडाऊनने तर सगळ्या देशाची दारू एका रात्रीत तोडली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, दुकानं बंद म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सात जण सॅनिटायझर पिऊन मेले. त्यांना बेअक्कल म्हणून हसणारे मी ऐकलेत. दारूची तोड कशाला म्हणतात हे त्यांनी एक रात्र वॉर्डात उभं राहून पाहावं.

या जिल्ह्याला तर हसायचा अधिकारच नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे दारूचे आणि बिअरचे कारखाने. २०१६ च्या दुष्काळात मराठवाडा टँकरखाली उभा असताना त्या कारखान्यांचं पाणी तोडायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश काढावा लागला, ६० टक्क्यांपर्यंत कपातीचा. राज्याला दारूतून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर मिळतात. २०२५ च्या जूनमध्ये कर वाढवून आणखी १४ हजार कोटींचं लक्ष्य ठेवलं. आणि परवान्याचा विनोद तर जगात कुठे नसेल. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो आणि तो मिळतो 'आरोग्य राखण्यासाठी'. म्हणजे कागदोपत्री आपल्याकडे प्रत्येक पिणारा आधीच उपचार घेतोय!

उपचार किती जणांना मिळतो? दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा २०१९ चा अहवाल म्हणतो की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकाला कसला तरी उपचार मिळतो, आणि भरती होऊन उपचार १८० जणांत एकाला. बाकीचे कुठे जातात ते एसटीच्या खिडकीतून दिसतं. भिंतींवर रंगवलेलं असतं : 'दारू सोडवा, पेशंटच्या नकळत'. बिचारी बायको पुडी आणते, भाजीत कालवते. पुडीत डायसल्फिरामसारखं काही असलं तर त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला औषधाचा पत्ताच नाही तो सावध कसा राहणार? दुसरी वाट खासगी केंद्राची : महिन्याचे पैसे आगाऊ, फोन काढून घेतलेला, आणि काही ठिकाणी खरोखरच साखळी. चांगली केंद्रंही आहेत. अनिल आणि अनिता अवचटांचं मुक्तांगण १९८६ पासून पुण्यात उभं आहे, पुलंच्या देणगीतून सुरू झालेलं. पण उसाच्या फडावरच्या माणसाने पाच आठवडे मजुरी सोडून पुण्याला राहायचं, हे बोलायला सोपं आहे.

तालुक्यातच हे करता येतं, आणि पदवीवाला तज्ज्ञ नसताना करता येतं, हे शेजारच्या गोव्याने दाखवलंय. 'संगत' या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशन शिकवलं. प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी पाहिलं तर बैठका मिळालेल्यांत ३६ टक्के सावरले होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. लॅन्सेटमध्ये २०१७ ला आलंय. आकडा लहान आहे असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मधुमेहाच्या गोळ्यांचे आकडे एकदा पाहून यावं. मात्र त्या अभ्यासात अगदी आहारी गेलेले धरले नव्हते. त्यांच्यासाठी खाट, गोळी आणि रात्रीची सिस्टर लागतेच.

गोव्यातल्या त्या समुपदेशकांना जे आधी शिकवावं लागलं असेल, ते आमच्याकडे कुठल्याच लिंकवर येत नाही : पिणाऱ्याशी बोलायचं कसं. मधुमेहाचा पेशंट जिलबी खाऊन साखर वाढवून आला तर आम्ही त्याला 'काका, पथ्य पाळा' म्हणतो. दारूचा पेशंट महिनाभर थांबून पुन्हा पिऊन आला तर 'आला का पुन्हा? याला लाज नाही.' सगळ्या वॉर्डासमोर, बायको-पोरांसमोर. पुन्हा पिणं हा या आजाराचा भाग आहे, हे परीक्षेत लिहिणाऱ्या पोरी ड्यूटीवर मात्र 'याला लाज नाही'च म्हणतात. त्यांना पडद्यावर कुणी एकदा सांगावं, एखादा पेशंट समोर बसवून, की दादा, किती दिवस थांबलात? एकवीस? मग बाविसाव्या दिवशी काय झालं? एवढ्या प्रश्नावर माणूस रडतो आणि खरं बोलतो.

मला विचाराल तर मी लिंक बंद करणार नाही, वेळ बदलीन. दुपारी तीनला ओपीडीच्या धामधुमीत नको. संध्याकाळी साडेसातला, शिफ्ट बदलण्याच्या आधी, तेही दर आठवड्याला, पाऊण तास. भाषा मराठी. व्याख्यान दहा मिनिटं, बाकी पेशंट, आणि तो मांडायचा सिस्टरने. ज्या दवाखान्याने महिन्यात एकही पेशंट मांडला नाही त्याचं प्रमाणपत्र रद्द. स्क्रीनशॉटऐवजी थायमिनच्या स्टॉकचा फोटो टाका म्हणावं ग्रुपवर. आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन. सरकारी हेल्पलाइन टेलिमानसचा १४४१६ आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, पण तो लोकांसाठी. नाईटच्या सिस्टरला घाटीतल्या ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरचा नंबर हवा, जो म्हणेल, "नाडी किती? दहा मिलिग्रॅम द्या, तासाने पुन्हा सांगा."

हे मी एका बैठकीत बोलले होते. तिथले साहेब चांगले होते, शांतपणे म्हणाले, "सिस्टर, तुमचं पटतंय. पण सोय आहे असं एकदा बाहेर कळलं तर तालुक्यातले सगळे दारुडे इथे येऊन पडतील." ते आधीच येऊन पडलेत, साहेब. हाडांच्या खाटेवर फ्रॅक्चर म्हणून, मेडिसिनला कावीळ आणि रक्ताची उलटी म्हणून, कॅज्युअल्टीत फवारणीचं औषध प्यायलेला म्हणून. आणि बायकांच्या वॉर्डात 'जिन्यावरून पडली' असं केसपेपरवर लिहून घेतलेल्या त्यांच्या बायका.